आबांची तार, वॉशिंग्टनची पट्टी

दिवाळीत गावी गेलो होतो, रावेरकडे, आणि माळ्यावरचा पसारा काढताना आबांची तार सापडली. तार म्हणजे टेलिग्राम नाही हो, खाली लाकडाची चकती आणि वर वाकवलेलं टोक असलेली लोखंडी तार, आलेलं पत्र वाचलं की खुपसलं तिच्यात. १५ पैशांची पिवळी कार्डं, निळी इनलँडं, दीड-दोनशे तरी असतील आणि सगळ्यांना मधोमध भोक. आबा केळीवाले, निंभोऱ्याच्या स्टेशनावरून वॅगन भरून माल दिल्लीला जायचा, तिकडचा आडत्या विकायचा आणि भाडं, हमाली, आडत कापून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, पाठवायचा. काय भावाने विकलं, किती घड काळे पडले, हे तो सांगेल ते खरं. इथून बघणार कोण?

योगायोग असा की गेले काही महिने रात्री झोप आली नाही की मी फाउंडर्स ऑनलाइन नावाच्या साईटवर जुन्या अमेरिकन लोकांची पत्रं वाचत पडतो, फुकट आहेत सगळी. जॉर्ज वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला घोड्यावरचा सेनापती दिसतो, पण त्याआधी तो व्हर्जिनियातला तंबाखूवाला शेतकरी, (राबायला गुलाम होते हेही खरं, पत्रांत त्यांचा उल्लेख येतो तो मालमत्तेसारखा, वाचताना कसंतरीच होतं). तंबाखू मोठाल्या लाकडी पिंपांत भरून लंडनला रॉबर्ट कॅरी नावाच्या पेढीला जायचा, पेढी विकणार, जकात, भाडं, कमिशन कापणार आणि उरलेल्या पैशात याच्या घरासाठी कापड, सामान घेऊन पाठवणार. १७६० च्या सप्टेंबरात याने त्यांना जे सुनावलंय ते वाचून मी अंथरुणातच हसलो. म्हणतो, आमच्याकडे येतं ते सामान बापजाद्यांच्या काळातलं, माल परदेशी जाणार हे कळलं की तुमचे दुकानदार जुनापाना, हलका माल गळ्यात मारतात आणि वर १०, १५, कधी २० टक्के चढवून लावतात. भो, हे तर आबाच बोलतायत! १७६४ पर्यंत तर याच पेढीचं १८०० पौंडांच्या आसपास देणं झालं, मग पुढे दोन-तीन वर्षांत तंबाखू सोडून हा गव्हाकडे वळला. भाव पडला की आपल्याकडेही केळी काढून दुसरं काहीतरी लावणारे असतातच की.

पत्र जायला दीड-दोन महिने, उलट टपालाला त्याहून जास्त, आणि जहाज बुडलं तर पत्रही बुडालं, म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांनी सोडायच्या. पाकीट नसायचं, कारण पोस्टेज कागद मोजून लागायचं आणि पाकीट म्हणजे जास्तीचा कागद, मग तोच कागद दुमडून लाखेने चिकटवायचा, डिट्टो आपलं इनलँड. पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. म्हणजे आपल्याकडे बेरंग (बिनतिकिटाचं) पत्र आलं की पोस्टमन दारात उभा राहून पैसे मागायचा, तसं तिथे रोजचंच.

पण मला खरी मजा आली ती बेंजामिन फ्रँकलिनच्या पत्रांत. हा फिलाडेल्फियाचा छापखानावाला (१७५३ पासून अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या टपालाचा मोठा साहेबही), आणि लंडनचा विल्यम स्ट्रॅहन हाही छापखानावाला. १७४३ ला पत्रव्यवहार सुरू झाला, धंद्याचाच, पुस्तकं पाठव, छपाईचे खिळे पाठव, एखादा हुशार कारागीर पाठव. तोंड बघितलं ते थेट १७५७ मध्ये, चौदा वर्षांनी! पण तोवर पोरांच्या सोयरिकीच्या गोष्टी सुरू, याची सॅली आणि त्याचा बिली. जमलं नाही शेवटी, फ्रँकलिनच्या बायकोला समुद्राची भीती, ती काही लंडनला यायला तयार होईना. आबांच्या तारेवरही हाच प्रकार आहे. दिल्लीवाला आडत्या एकदा हिवाळ्यात येऊन आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी जेवून गेला होता, त्यानंतरच्या प्रत्येक कार्डावर वर पट्टीचा हिशोब, मधे "माल थोडा काला निकला" आणि खाली "भाभीजी के भरते की याद आती है". शिव्या द्यायच्या तरी कशा माणसाने!

तर १७७५ च्या जुलैत, अमेरिकेची इंग्रजांशी स्वातंत्र्याची लढाई पेटलेली, इंग्रजांनी चार्ल्सटाउन गाव जाळलेलं, आणि स्ट्रॅहन पार्लमेंटात सरकारच्या बाजूने बसलेला. फ्रँकलिनने ५ तारखेला चार ओळी लिहिल्या, तुझ्या हाताकडे बघ, तुझ्याच नातलगांचं रक्त आहे त्यावर, आपण दोघं जुने मित्र, आता तू माझा शत्रू, आणि मी, आपला, बी. फ्रँकलिन. त्या "आपला"वर मी किती वेळ अडकलो होतो. पत्र त्याने पाठवलंच नाही, आणि पुढे दोघं परत पत्रातून बोलायला लागले.

तारेच्या तळाशी एक इनलँड होतं, आबांच्या अक्षरात, पत्ता पिनकोडसकट पूर्ण, चिकटवलेलं, पण पोस्टाचा शिक्का नाही. ब्लेडने कडेने उघडलं. आबांचं हिंदी म्हणजे अर्धं मराठीच, "माल हमारा एकदम चोखा था, तुमने हमको दगा दिया, आज से व्यवहार बंद." आणि खाली, सवयीने, "आपका", मग सही.

आजीला दाखवलं तर म्हणे, "तुह्या आबाचं असंच, डोकं तापलं का लिहे, लिहिलं का निवे."

पाठीमागच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने बेरीज-वजाबाकी आहे, पुढच्या वॅगनच्या घडांची.