स्ट्रोकनंतर हाताची फिजिओ आणि व्हीआर गेम: माझा अनुभव

मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि माझा डावा हात गेला. पाय त्या मानाने लवकर सुधारला, काठी घेऊन चालायला लागलो, हात मात्र लटकलेलाच, मग हळूहळू खांद्यात जरा जीव आला, कोपर थोडं वाकायला लागलं, बोटं घट्ट मिटलेली ती मिटलेलीच. फिजिओ मॅडम सांगायच्या, मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही पण उरलेला मेंदू ते काम शिकू शकतो, फक्त त्याच्याकडून तेच तेच शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. आता ग्लास उचला, ठेवा, उचला, ठेवा, माणूस किती वेळ करणार? अमेरिका-कॅनडातल्या २००९ च्या एका पाहणीत नेहमीच्या फिजिओ सेशनमध्ये हाताच्या अशा कामाच्या हालचाली सरासरी ३२ च निघाल्या होत्या. ३२!

म्हणून मॅडमनी व्हीआर सुरू केलं, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, डोळ्यांसमोर खोटं जग उभं करणारा कॉम्प्युटर गेम. हात असलेल्या खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर हेडसेट, समोर फुगे येतात ते हाताने फोडायचे. मिटलेल्या मुठीत कंट्रोलर (हाताची हालचाल गेमला कळवणारा रिमोट) धरता येत नव्हता म्हणून तो पट्ट्याने हाताला बांधला. आधी माझा हात कुठवर पोचतो ते मोजून घेतलं आणि फुगे त्याच्या किंचित पुढे ठेवले, हे फार महत्त्वाचं, कारण फारच लांब असतील तर जीव रडकुंडीला येतो. शिवाय मला डावीकडचं भानच राहायचं नाही, त्या बाजूला ठेवलेली वस्तूही दिसायची नाही, म्हणून मुद्दाम बरेचसे फुगे डावीकडून. सुरुवातीला गरगरायचं, तेव्हा थोडा वेळच खेळायचो आणि मॅडम शेजारी उभ्या. ज्यांना फिट्स येतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये.

आता मुख्य गोष्ट. स्कोअर भराभर वाढत होता आणि मॅडम मात्र खूश नव्हत्या. "काका, हात नाही जात पुढे, तुम्ही अख्खे पुढे झुकताय, आणि खांदा कानाला लागलाय." गेमला फुगा फुटल्याशी मतलब, कोपर सरळ झालं का कंबरेतून वाकलात ते त्याला कळत नव्हतं. मग छातीला पट्टा लावून पाठ खुर्चीला टेकवली, स्कोअर धाडकन खाली, पण कोपर खरंच उघडायला लागलं. म्हणून माझं ठाम मत, कुणीतरी जाणकार बघत असल्याशिवाय नुसता हेडसेट घेऊन घरी बसू नका.

आणि फिजिओ सोडून तर मुळीच नको. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ अभ्यास, २४७० रुग्ण होते, त्यात नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर दिलं तर हाताला जास्त फायदा दिसला नाही, थेरपीला जोडून एकूण वेळ वाढवला तेव्हा दिसला. मला ते पटतं, कारण माझ्यासाठी गेमने एकच केलं, कंटाळा न येता हालचाली वाढवल्या.

शर्टाच्या बाहीत आता डावा हात स्वतः सरकतो. बटणं अजून उजव्यानेच. बोटं उघडायला आता करंटवाली मशीन लावून सराव चालू केलाय, त्यात गेम नाही, टेबलावरचे कपडे वाळत घालायचे चिमटे आणि ग्लासच आहेत.