टीडीएस मीटरचा आकडा अडतो तेव्हा

चांदीच्या तारा, डिस्टिल्ड वॉटर, डीसी सप्लाय, जोडाजोडी, यात सांगण्यासारखं काही नाही. कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं पाणी, करताना माझं डोकं फिरवलं ते टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ किती ते दाखवणाऱ्या यंत्राने.

नुसत्या पाण्यात शून्य दाखवलं, तिथपर्यंत ठीक. करंट सुरू केल्यावर आकडा हळूहळू चढला आणि एका जागी ठाण मांडून बसला. इकडे तारेजवळून धुरकट लकेरी खाली उतरतायत, लेझरचा किरण पाण्यात दोरीसारखा ठळक दिसू लागलाय आणि मीटर ढिम्म! बॅटरी बदलली, प्रोब धुऊन पुन्हा बुडवला, तरी तोच आकडा. वैताग आला. शेवटी शोधाशोध केल्यावर उलगडा झाला की हे यंत्र चांदी मोजतच नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, तिला ०.५ किंवा ०.७ ने गुणतं आणि पीपीएम (दहा लाखांत किती भाग) म्हणून दाखवतं. तो गुणक क्षारांच्या द्रावणांवरून ठरवलेला. विरघळलेले चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) त्याला जाणवतात, तरंगणारे धातूचे कण नाहीत. लेझर उजळतो तो नेमका या कणांमुळे. खोक्यावर ‘पीपीएम’ एवढं ठसठशीत छापणाऱ्यांना ही एक ओळ लिहायला काय झालं होतं?

आता माझी भिस्त मल्टिमीटरवर. मिलिअँपच्या रेंजवर, सिरीजमध्ये. फॅरेडेच्या नियमाने (जितकी वीज वाहते, त्या प्रमाणात धातू सुटतो) १ मिलिअँप तासभर वाहिला की जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. अर्धा लिटर पाण्यात म्हणजे लिटरमागे ८ मिलिग्रॅम. थोडी दुसऱ्या तारेवर काळी साचते, तेवढी वजा धरा. मात्र आयन वाढले की करंट आपोआप चढतो आणि हिशेब कोलमडतो, म्हणून करंट स्थिर ठेवणारं सर्किट आधीच बसवा. तारा ९९.९९ टक्के शुद्ध हव्यात, दागिन्यांच्या चांदीत बहुधा तांबं असतं.

आणि हो, मी हे पिण्यासाठी करत नाही, तुम्हीही पिऊ नका. चांदी शरीरात साचून त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते, त्याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच स्पष्ट केलं की दुकानात थेट मिळणारं औषध म्हणून हे सुरक्षित वा परिणामकारक मानलं जात नाही. मीटरवर आकडा कितीही ‘बरोबर’ आला तरी त्यात फरक पडत नाही.

टीडीएस मीटर फेकलेला नाही, सुरुवातीचं पाणी तपासायला तो उत्तम. फक्त वाहकता तापमानाच्या दर अंश सेल्सिअसमागे साधारण २ टक्क्यांनी बदलते, तेव्हा मीटर तापमानाचा फरक जुळवून घेणारा नसेल तर कोमट पाण्याचं रीडिंग गार पाण्याच्या रीडिंगशी ताडून पाहू नका.