लग्नाचे फोटो नक्की कुणाचे?

लग्नाच्या सीझनला आपली पोरं ॲडव्हान्स घेतात, तारीख ब्लॉक करतात आणि कॅमेरा घेऊन सुटतात, लेखी काहीच नाही, आणि वाटतं की क्लिक मी केलंय म्हणजे फोटो माझाच. तसं नाहीये हो! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सरळ सांगतं, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा. हां, कलम ५७ मुळे फोटो आपण काढलाय हे सांगायचा हक्क मात्र आपलाच राहतो, आणि तो फार मोलाचा आहे. त्यामुळे कोटेशनच्या खालीच लिहा, कॉपीराइट फोटोग्राफरकडे, पोर्टफोलिओत फोटो वापरणार, आणि दोघांच्या सह्या घ्या, अगदी मामेभावाचं लग्न असलं तरी.