पटाशीचा दात

हत्तीच्या तासाला मी चित्रं शेवटी दाखवते. आधी पिशवीतून सुतळी निघते. हत्तीच्या पुढच्या पायाचा तळव्याशी घेर मोजून दुप्पट केली, की खांद्यापर्यंतची उंची जवळपास बरोबर येते. त्या दिवशी चौथीच्या मुलांनी सव्वा मीटर सुतळीचं जमिनीवर वर्तुळ केलं. दोघं जण एकमेकांना धरून त्यात उभे राहिले. मग तीच सुतळी भिंतीला दोनदा लावून मी खडूने रेघ मारली. अडीच मीटर, फळ्याच्याही वर. वर्ग चिडीचूप. कितीदाही अनुभवला तरी हा क्षण मला नवाच वाटतो.

झाडाची साल सोलायला, नदीच्या कोरड्या पात्रात पाणी उकरायला सुळे लागतात, तेही बोलून झालं. शिकारीचं मात्र सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. नऊ वर्षांची मुलं, कशाला? हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदीचा निर्णय झाला, एवढं सांगून पुढे जाणार होते. पहिल्या बाकावरची मुलगी हलणारा दात जिभेने ढकलत म्हणाली, "बाई, दातच हवाय ना? मग तो काढून घ्यायचा आणि हत्तीला सोडून द्यायचं."

टाळता येईल असा प्रश्न नव्हता. मी फळ्यावर कवटी काढली. आपण सुळा म्हणतो, पण तो खरं तर वरचा पटाशीचा दात, जन्मभर वाढणारा. पिल्लाचा दुधाचा सुळा साधारण वर्षभरात पडतो. मग येतो तो एकदाच. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तेवढा भाग मी तिरप्या रेघांनी भरला.

"शिकाऱ्याला हाही हवा असतो."

तिची जीभ थांबली. "म्हणजे आधी मारतात."

"हो," मी म्हटलं. लपवलं असतं तर मी तिला फसवलं असतं.

मागून एक मुलगा म्हणाला, "बिनसुळ्यांचे वाचत असतील."

वाचतात. आफ्रिकेत बहुतेक माद्यांनाही सुळे असतात. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात ९० टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. बिनसुळ्यांच्या माद्या आधी पाचात एक होत्या, नंतर जवळपास निम्म्या झाल्या.

"मग बरंच झालं की!" तो म्हणाला.

पहिल्या बाकावरची मुलगी गर्रकन मागे वळली. "बरं काय त्यात? पाणी कशाने उकरणार?"