जुनी फायबर होडी, नोंद 2: सौदा ट्रान्समपाशी अडलाय

16 फुटी फायबर होडी, मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, 25 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), ठिकाण मुंबईतलं मढ. जमिनीवरची तपासणी झाली, पाण्यातली बाकी आहे.

तळ चांगला निघाला. शेवाळ खरवडल्यावर जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, फोड नाहीत, नाळेजवळचा (पुढच्या टोकाजवळचा) जुना पॅच घट्ट आहे. दुखणं मागे आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम ठोकत गेलं तर वर टणक ‘टक’ वाजतो, पण इंजिनाच्या खालच्या बोल्टांपाशी वीतभर पट्ट्यात नुसता ‘थप’. तिथला एक स्क्रू काढल्यावर भोकातून तपकिरी पाणी ओघळलं. म्हणजे आतलं प्लाय कुजलंय. भोकात सीलंट न भरता बोल्ट आवळले की पाणी झिरपत राहतं, प्लायचे थर सुटतात आणि वरचं फायबर मात्र चकचकीतच दिसतं. म्हणून फक्त ट्रान्समलाच ताजा रंग असेल तर आधी तिथेच ठोकून बघा. इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम जराही लवला, तर त्यावर इंजिन चालवणं धोक्याचं.

दुरुस्ती होते, पण मोठी. आतलं फायबर कापायचं, कुजकं प्लाय काढायचं, आतपर्यंत पूर्ण सुकू द्यायचं, मग 18 मिमी मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीत बसवून वरून ग्लासचं कापड चढवायचं. बोल्टांची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर त्यातच नेमकं भोक घ्यायचं. हा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा झाला, तरच पुढे बोलणं.

इंजिन बरं आहे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गार इंजिनच खरं बोलतं. 200 लिटरच्या पिंपात पाय बुडवून चालवलं, बगलेतून पाण्याची धार सरळ पडली. तरी इंपेलर (इंजिन गार ठेवणारं पाणी खेचणारा रबरी पंखा) बदलायचाच, खाडीचा गाळ त्याची पाती खातो. दोन्ही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमधला फरक 10 टक्क्यांच्या आत. गिअर ऑइल चहासारखं दुधाळ नाही, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, सील शाबूत.

नोंदणीपत्र आणि इंजिनावरचा क्रमांक जुळवून झालेत.

पाण्यातली चाचणी अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना. तिथीच्या आकड्याची पाऊणपट धरली, आठचे सहा, तर पूर्ण भरती सहाच्या सुमारास. होडी दुपारी, पाणी चढत असताना उतरवायची. गाळात रुतली तर चढतं पाणीच उचलेल.