तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

मोठी गाडी घ्यायचं घरात ठरलं की पहिला विषय बजेटचा निघायला हवा; निघतो आत्याचा. गणपतीला आत्या येते, बरोबर सून आणि नातू असतात, मग पाच सीटांत सगळे मावणार कसे? ‘घेतोच आहोत तर सेव्हन सीटरच घेऊ,’ असं कुणीतरी म्हणतं आणि हिशेब चार-पाच लाखांनी वर सरकतो. आत्या बिचारी दोन महिने आधीच कोकणकन्येचं तिकीट काढून मोकळी झालेली असते.

मापं बघितली तर पाच सीटांच्या मिडसाइज आणि सात सीटांच्या मोठ्या एसयूव्हींतलं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही. क्रेटा ४३३० मिलिमीटर लांब आणि १७९० रुंद, ग्रँड विटारा ४३४५ आणि १७९५. मोठ्यांत एक्सयूव्ही ७०० ही ४६९५ लांब, १८९० रुंद; सफारी आणि स्कॉर्पिओ-एन लांबीला थोड्या कमी, पण रुंदीला दोघीही १९०० च्या पुढे. म्हणजे लांबीत फूट-सव्वा फूट आणि रुंदीत चार-पाच इंच. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हे चार-पाच इंच कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ते लक्षात येतात सोसायटीत, पण तिकडे नंतर जाऊ.

करांचं गणित मात्र मध्यंतरी बदललं, आणि ते मोठ्या गाडीच्या बाजूनं बदललं. जीएसटीच्या जुन्या रचनेत एसयूव्ही म्हणून जास्तीचा सेस (जीएसटीवरचा अधिभार) लागायला तीन गोष्टी एकत्र लागायच्या: लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीच्या पुढचं आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची उंची, किमान १७० मिलिमीटर. क्रेटा वगैरे मंडळींची इंजिनं १५०० च्या जरा आतली. त्यामुळे रस्त्यावर एसयूव्ही म्हणून मिरवणारी गाडी कर भरताना एसयूव्ही नसायची. तिच्यावर ४५ टक्के आणि थोरलीवर ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि दोघींना सरसकट ४० टक्के लागू झाले. ‘मोठ्या गाडीला टॅक्स जास्त’ हे दिवाणखान्यातलं हुकमी वाक्य जीएसटीपुरतं आता बाद झालं.

आरटीओत ते अजून चालतं. महाराष्ट्रात वीस लाखांची पायरी ओलांडली की वाहनकर एका टक्क्यानं वाढतो, आणि डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जादा आहेत. अठरा लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के म्हणजे २ लाख १६ हजार. एकवीस लाखांच्या डिझेलला १५ टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार. एक लाखाचा हा फरक माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापत नाहीत. विम्याचंही तसंच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. इंजिन १००० ते १५०० सीसीचं असेल तर त्याचा मूळ हप्ता १०,६४० रुपये, १५०० च्या पुढे २४,५९६.

असो. मुद्दा तिसऱ्या रांगेचा.

गाडी मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा) असो की लॅडर फ्रेम (वेगळ्या चौकटीवर बॉडी), मागच्या चाकांच्या वर जागा करायची म्हणजे फरशी उंच घ्यावी लागते. फरशी वर येते, छत तेवढंच राहतं, मग सीटची गादी पातळ आणि बुटकी होते. बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. साडेपाच फुटांच्या माणसाला तिथे अर्धा तास बरा जातो, दीड तासानंतर तो चहाच्या टपऱ्या मोजू लागतो. या बाबतीत सरस ठरते ती इनोव्हा हायक्रॉस. तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिलिमीटर, एक्सयूव्ही ७०० चा २७५०. तिन्ही रांगा उभ्या ठेवूनही हायक्रॉसच्या डिकीत ३०० लिटर जागा उरते. पण ‘एमपीव्ही (हायक्रॉससारखी व्हॅनच्या घाटाची गाडी) नको, टॅक्सीवाल्यांची वाटते’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्या पाठीचा विचार केलेला नसतो.

डिकी हीच खरी मेख आहे. सात माणसं बसली की बहुतेक सेव्हन सीटर एसयूव्हीत मागं उरते ती दोन लॅपटॉपच्या बॅगांपुरती फट. सात माणसांचं चार दिवसांचं सामान म्हणजे किमान चार मोठ्या बॅगा. जाताना डबे, मखराचे तुकडे, समया. येताना नारळ, काजू, आगळाच्या बाटल्या, आणि मे महिना असेल तर आंब्याची पेटी. हे सगळं मग सीटच्या पाठीवर काचेपर्यंत रचलं जातं. जोराचा ब्रेक लागला तर वरची बॅग थेट तिसऱ्या रांगेतल्या डोक्यावर. टपावर बांधायचं म्हटलं तर काही गाड्यांच्या रूफ रेल नुसत्या शोभेच्या असतात. मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाचा आकडा दिलेला नसेल तर तिथे दोरीही बांधू नये. थोडक्यात, सात सीटांची गाडी सात माणसांना नेते, पण सातांच्या बिऱ्हाडाला नाही. तिसरी रांग पाडली की हीच गाडी पाच माणसं आणि त्यांचं सगळं सामान आरामात नेते. मोठ्या एसयूव्हीचं खरं सुख इथे आहे. क्रेटाच्या ४३३ लिटरांत दोन मोठ्या ट्रॉली बॅगा आणि वर दोन-तीन मऊ पिशव्या जातात. चौघांना हे पुरतं, पाच जणांना कुणाचे तरी बूट पायाशी घ्यावे लागतात. ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरही चालणारी) घेणाऱ्यांनी डिकी उघडून जरूर बघावी. बॅटरी तिथेच खाली असल्यामुळे साध्या ग्रँड विटारापेक्षा जागा बरीच कमी भरते.

मुलांना तिसरी रांग फार आवडते, घाट लागेपर्यंत. मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा थेट पोचतो, वळणावर गाडीचं शेपूट जास्त फिरतं, आणि बाजूची काच एवढीशी असल्यामुळे पुढचा रस्ता दिसत नाही. शरीराला हेलकावा कळतो, डोळ्यांना कळत नाही, आणि आंबोलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला गाडी लागते. एसीची झडप नुसती आहे की मागच्या रांगेसाठी वेगळा ब्लोअर आहे, हेही विचारून घ्यावं. नुसती झडप असेल तर पुढचे शाली मागतात तेव्हा मागचे घामाघूम असतात.

आजी-आजोबा रोज गाडीत बसणार असतील तर सीटची उंची बाकी सगळ्या फीचरांच्या वर धरावी. दार उघडून सीटला पाठ करून उभं राहायचं. गादी मांडीच्या मध्यावर आली तर माणूस नुसता टेकतो, वळतो आणि पाय आत घेतो. गादी कमरेपर्यंत आली तर चढावं लागतं. एक पाय फूटबोर्डावर, एक हात हँडलला, आणि साडी सावरायला तिसरा हात नसतो. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनरसारख्या फ्रेमवरच्या गाड्या इथे दुखऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. मिडसाइज गाड्या याच गोष्टीत मोठ्यांना मात देतात, आणि मला विचाराल तर सत्तरीतली दोन माणसं घरात असताना पॅनोरमिक सनरूफपेक्षा हे लाखमोलाचं.

लहान मूल असेल तर आणखी एक गोची होते. बहुतेक गाड्यांत मागे जायची वाट दुसऱ्या रांगेतलं डावीकडचं सीट उलटवून निघते. चाइल्ड सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या खास कड्यांना) तिथेच अडकवली की ते सीट उलटत नाही आणि मागे जायची वाट बंद. म्हणून बाळाची सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावावी. कॅप्टन सीटांची (दुसऱ्या रांगेत दोन सुट्या खुर्च्यांची) सहा आसनी गाडी घेतली तर मधल्या बोळातून मागे जाता येतं, पण मग रोजच्या वापरात दुसऱ्या रांगेत तिसरं माणूस बसवता येत नाही.

आता सोसायटी. महाराष्ट्राच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत लहान मोटारीची जागा २.३ बाय ४.५ मीटर आणि मोठीची २.५ बाय ५ मीटर धरलेली आहे. आपल्या वाट्याला कोणती आली आहे, हे टेप घेऊन मोजावं. बिल्डरच्या नकाशावर जाऊ नये. २.३ मीटरच्या खणात १८९० मिलिमीटर रुंदीची गाडी लावली तर दोन्ही बाजूंना मिळून ४१ सेंटिमीटर उरतात, तेही आरसे मिटून. जरा पोट असलेल्या माणसाला दारातून बाहेर यायला एका बाजूलाच साठेक सेंटिमीटर लागतात. १७९० मिलिमीटरच्या गाडीला ५१ उरतात, म्हणजे खांबाच्या बाजूला अगदी चिकटवली तर ड्रायव्हर अंग चोरून का होईना, उतरतो. लांबीतही साडेचार मीटरच्या खणातून मोठी गाडी वीसेक सेंटिमीटर बाहेर डोकावते, आणि शेजाऱ्याच्या तक्रारीला तेवढं पुरतं. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची यंत्रणा) असेल तर गाडी ठेवायच्या पॅलेटवरची पाटी वाचावी. तिथे वजन, उंची आणि रुंदी तिन्हींची मर्यादा असते, आणि दोन टनांच्या आसपासची गाडी त्यात बसेलच असं नाही.

रोजचा खर्च फार उगाळायला नको. शहरातल्या गर्दीत मिडसाइज पेट्रोल लिटरला १२ आणि थोरली ८ किलोमीटर देते असं धरलं, तर वर्षाच्या १२,००० किलोमीटरना ५०० लिटर जादा जातात. शंभराच्या वरच्या भावानं पन्नास हजारांहून जास्त. टायर १८ इंची, तेही महाग. टोल मात्र दोघींना सारखाच. यावर ‘डिझेल घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. रोज पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढंच फिरणार असाल तर तो ऐकू नका. बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेलच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळायला इंजिन पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांतलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आठवड्याला एकदा तरी हायवे होत असेल तरच डिझेल.

वर्षातून एक-दोनदाच सात माणसं होत असतील तर इनोव्हा भाड्यानं घ्यावी. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. किलोमीटरला वीस रुपये पकडले तर चार दिवसांचे २४ हजार, वर चालकाचा भत्ता आणि टोल. फुकट नाही, पण एका फेरीला वर काढलेल्या पेट्रोलच्या फरकाच्या साधारण निम्मं. उलट घरात रोजची पाच-सहा माणसं असतील, महिन्यातून एकदा गाव होत असेल आणि खाली पार्किंग ऐसपैस असेल, तर मोठीच घ्यावी. मिडसाइजमध्ये मधल्या सीटवरचं माणूस वर्षानुवर्षं कुरकुरत राहतं.

मोठी घेतलीत तर एक काम विसरू नका. बऱ्याच सेव्हन सीटर गाड्यांची स्टेपनी डिकीत नसते, पोटाखाली साखळीला किंवा तारेला टांगलेली असते. मागच्या बंपरजवळच्या भोकातून सळई घालून फिरवली की ती खाली उतरते. दोन पावसाळे चिखल खाल्ल्यावर ती यंत्रणा गंजते आणि पंक्चर झालेल्या रात्री हलतच नाही. दर सर्व्हिसिंगला ती एकदा उतरवून, धुऊन, ग्रीस लावून परत चढवायला सांगावं आणि समोर उभं राहून करवून घ्यावं. हवेचंही तसंच: ड्रायव्हरच्या दाराजवळच्या लेबलवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात, आणि पंपावरचा पोरगा सगळ्यांना ३३ भरतो.

टेस्ट ड्राइव्हला नवरा-बायको दोघंच जाऊ नका, सगळं घर न्या, दोन मोठ्या बॅगाही न्या. चालवायला आपण बसा आणि तिसऱ्या रांगेत सेल्समनला बसवा. गाडी थेट सोसायटीत आणा, बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली उतरवा, आपल्या खणात रिव्हर्समध्ये लावा आणि चारही दारं उघडून बघा. वॉचमन ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणेल, पण तो कुठल्याही गाडीला तसंच म्हणतो.