सायबरडीमनच्या पावलांचा आवाज

डूम या जुन्या कॉम्प्युटर गेमचा दुसरा एपिसोड मी याआधी दोनदा संपवला होता. दोन्ही वेळा शेवटच्या लेव्हलला पोचले तेव्हा जवळ भरपूर दारूगोळा होता आणि मी मिनिटाला दोनदा सेव्ह करत होते. तिथला शेवटचा अजस्र राक्षस, सायबरडीमन, पडला खरा, पण त्याला मी हरवलं हे मनाला कधी पटलं नाही. ते शल्य राहून गेलं होतं.

म्हणून या खेपेला पिस्तूल स्टार्ट करायचं ठरवलं. म्हणजे ‘टॉवर ऑफ बेबल’ ही शेवटची लेव्हल एक पिस्तूल, 50 गोळ्या आणि 100 हेल्थ एवढ्यावरच सुरू करायची. अंगावर आर्मर नाही. डिफिकल्टी अल्ट्रा-व्हायोलन्स, म्हणजे बरीच कठीण. मध्ये सेव्ह करायचं नाही, मेलं की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळचा एखादा तास मिळायचा, तो पूर्ण यालाच द्यायचा असं ठरलं.

हा गेम 1993 च्या डिसेंबरात आला. मंगळाचे दोन चंद्र, फोबॉस आणि डीमॉस. तिथे माणसं एका चंद्रावरून दुसऱ्या चंद्रावर वस्तू क्षणात पाठवण्याचे प्रयोग करत असतात, आणि त्या वाटेने नरक आत शिरतो. डीमॉस तर आकाशातून गायबच होतो. दुसरा एपिसोड या हरवलेल्या चंद्रावर घडतो. एक लेव्हल संपून दुसरी सुरू होण्याआधी जो नकाशा दिसतो, त्यात मागे एक बुरूज बांधला जात असतो. दर खेपेला थोडा उंच. शेवटी आपण त्याच बुरुजात जाऊन उभे राहतो. सँडी पीटरसन यांनी रचलेली ही लेव्हल आकाराने छोटी आहे: मधे एक इमारत, भोवती मोकळं आवार. आणि त्या आवारात तो.

तो दिसण्याआधी त्याची ओळख कशी करून दिली आहे, ते मला आजही फार आवडतं. पहिल्या एपिसोडच्या शेवटी बॅरन ऑफ हेल जातीचे दोन राक्षस एकदम अंगावर येतात आणि नवख्या खेळाडूला रडवतात. इथे भिंतींवर तेच बॅरन मारून टांगलेले दिसतात. एक अक्षर न लिहिता सांगितलेलं असतं की बाहेर जो आहे तो यांनाही पुरून उरला. मग त्याची डरकाळी येते. तो कितीही लांब असो, ही डरकाळी पूर्ण आवाजातच वाजते, आणि त्यामागून पावलं ऐकू येऊ लागतात.

पावलांकडे पुढे येतेच. आधी मरणाबद्दल, कारण पहिले तीन दिवस मी फक्त मरत होते.

पहिल्या दिवशी मी सहा वेळा मेले आणि सहाही वेळा कारण एकच होतं. सायबरडीमनच्या एका हाताच्या जागी रॉकेट लाँचर बसवलेला आहे आणि तो एका दमात तीन रॉकेटं सोडतो. ती येताना दिसली की मी दचकून उलट दिशेला वळायचे आणि बरोबर रॉकेटच्या वाटेत सापडायचे. रॉकेट अंगावर फुटलं की आघात होतो आणि वर स्फोटाचा मारही बसतो. आर्मर नसेल तर पूर्ण 100 हेल्थवरही एक थेट रॉकेट पुरतं.

त्या रात्री बंद डोळ्यांसमोर तीच रॉकेटं येत राहिली आणि एक गोष्ट लक्षात आली. तो आपण या क्षणी जिथे आहोत तिथे नेम धरतो. आपण कुठे जाणार आहोत याचा अंदाज तो बांधत नाही. तेव्हा एका बाजूला सरकत राहिलं आणि दिशा बदलली नाही, तर रॉकेट आपल्या मागून जातं. तीनपैकी प्रत्येक रॉकेटच्या आधी तो पुन्हा आपल्याकडे वळतो, पण तेव्हाही आपण पुढेच सरकलेलो असतो. मी मात्र प्रत्येक वेळी घाबरून स्वतःहून मागे फिरत होते.

दुसऱ्या दिवशी मी दिशा बदलली नाही. मग भिंतींनी मारलं. रॉकेट चुकायचं, माझ्या शेजारच्या भिंतीवर फुटायचं आणि त्याची झळ मला लागायची. या लढाईत एक उघड अन्याय आहे. स्फोटाची नुसती झळ सायबरडीमनला लागतच नाही. माझं रॉकेट त्याच्या पायाशी फुटलं तरी त्याला ओरखडा नाही, ते थेट अंगावरच बसायला हवं. मला मात्र त्याचं चुकलेलं रॉकेटही भोवतं, आणि माझं स्वतःचंसुद्धा. म्हणजे भिंतीपासून लांब, मोकळ्यात राहायचं. ज्या मोकळ्या जागेची भीती वाटत होती तीच सुरक्षित जागा निघाली.

मग मी वहीत हिशोब मांडला. त्याची हेल्थ 4000. रॉकेटचा थेट आघात 20 पासून 160 पर्यंत, 20 च्या टप्प्यांनी, कसाही पडतो. सरासरी 90. म्हणजे साधारण 45 रॉकेटं नेमकी लागायला हवीत. जास्त दारूगोळा बाळगू देणारी बॅकपॅक नसेल तर एका वेळी बाळगता येतात 50. हा आकडा पाहून मी खूप वेळ वहीकडे बघत बसले. 50 मधली 45! तोवर मी तो दिसला की रॉकेट सोडत होते आणि निम्मी आकाशात घालवत होते. आवारात आणखी रॉकेटं मिळतात, पण ती उचलायला त्याच्या नजरेसमोरून जावं लागतं. त्या दिवसापासून नेम बसलाय याची खात्री नसेल तर बटण दाबायचं नाही, असा नियम केला. लांबून मारणं बंद केलं, कारण रॉकेट पोचेपर्यंत तो एक पाऊल सरकलेला असतो. फार जवळही नाही, कारण मग सरकायला वेळच उरत नाही. मधलं अंतर धरलं आणि ते हाताला सवयीचं होईपर्यंत नुसती पळत राहिले. दोन अख्ख्या संध्याकाळी मी एकही रॉकेट न मारता फक्त त्याच्याभोवती फिरत काढल्या.

पुढचं मरण मनाला सगळ्यात जास्त लागलं. खूप वेळ टिकले होते, तीसच्या वर रॉकेटं लागली होती. आवारात लॉस्ट सोल फिरतात, म्हणजे जळत्या उडत्या कवट्या. नेम धरून बटण दाबलं आणि त्याच क्षणी एक कवटी मधे आली. माझं रॉकेट माझ्याच तोंडासमोर फुटलं. हेडफोन काढून ठेवले आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहिलं काम कवट्यांचं. त्याला इमारतीआड ठेवायचं आणि कवट्या पिस्तुलाने एकेक करून संपवायच्या. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम, पण ते केल्याशिवाय रॉकेट लाँचरला हात लावायचा नाही.

आता पावलं. त्याचा एक पाय खुराचा आणि एक यांत्रिक, म्हणून त्याच्या चालण्यात दोन वेगळे आवाज आहेत: खुराचा जड धप्प आणि लोखंडाचा खणखणाट. दोघांमधलं अंतर सारखं नाही. धप्प, मग जरा लांबण, मग खण्ण, आणि लगेच पुन्हा धप्प. लंगडा ताल. इमारतीआडून कवट्या मारताना हा ताल सतत कानावर पडत होता आणि हळूहळू तो डोक्यात बसला. मग एका संध्याकाळी जाणवलं की तो रॉकेट सोडायला उभा राहतो तेव्हा ताल तुटतो. पावलांचे आवाज फक्त चालताना येतात. तो समोर असताना पावलं थांबली, की रॉकेट येणार. तिन्ही रॉकेटं संपली की पहिला आवाज येतो तो खुराचा. धप्प ऐकू आलं, की आपली पाळी.

गेमचा सोर्स कोड 1997 मध्ये खुला झाला, तो मी या निमित्ताने उघडून पाहिला. पाऊल आणि आवाज तिथे खरोखर असेच बांधलेले आहेत. आणखी एक गोष्ट सापडली. इतर लेव्हलमध्ये ठरावीक अंतरापलीकडचा आवाज ऐकूच येत नाही, पण आठव्या, म्हणजे याच शेवटच्या लेव्हलला ही मर्यादा काढून टाकलेली आहे. म्हणजे आवाराच्या कुठल्याही कोपऱ्यात असलं तरी त्याची पावलं ऐकू यावीत अशी सोयच केलेली आहे. हे वाचल्यावर अंगावर काटा आला. इतके दिवस मी त्या आवाजाला फक्त घाबरत होते, आणि तो मला वाचवायलाही तयार होता.

हेडफोनमध्ये डावं-उजवं नीट कळतं, पुढे की मागे ते कळत नाही. त्यासाठी जरासं वळून पाहायचं. उजवीकडे वळल्यावर आवाज डाव्या कानात सरकला तर तो पुढे आहे, उजव्या कानात सरकला तर पाठीमागे. हे इतक्यांदा केलं की पुढे विचार करावा लागला नाही.

ज्या संध्याकाळी जमलं, ती सुरुवातीला इतरांसारखीच होती. कवट्या संपवल्या. लाँचर घेतला, रॉकेटं भरली आणि बाहेर पडले. पावलं थांबली, मी डावीकडे सरकत राहिले. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. धप्प. दोन रॉकेटं मारली, दोन्ही लागली. पुन्हा सरकणं. मोठ्याने मोजत होते. मधे एकदा माझं रॉकेट लागून तो कळवळला आणि त्याचं तिसरं रॉकेट आलंच नाही. मी त्याची वाट पाहण्यात एक संधी घालवली, पण वेग सोडला नाही. एकोणतिसाव्या रॉकेटच्या वेळी एका कोपऱ्याशी झळ लागली आणि हेल्थ 41 वर आली. तळहात ओले झाले होते. इमारतीआड गेले, माउस सोडला, हात पुसले, आणि तो वळसा घालून येतोय ते ऐकत उभी राहिले. धप्प, लांबण, खण्ण, धप्प. आवाज उजव्या कानात होता. मी डाव्या बाजूने बाहेर पडले.

एकूण 43 रॉकेटं लागली. शेवटचं लागलं तेव्हा मी पुढचं सोडण्याच्या तयारीत होते आणि त्याचा मरतानाचा आवाज आला, डरकाळीसारखाच, पूर्ण जोराने. त्याच्या अंगाचा स्फोट झाला. धूर विरल्यावर जागेवर फक्त त्याचे पाय उरले होते, एक खुराचा, एक लोखंडी. ते जेमतेम सेकंदभर दिसतात. लगेच लेव्हल संपते आणि मजकूर उमटू लागतो: चंद्राच्या कडेवरून खाली पाहिल्यावर कळतं की डीमॉस नरकाच्या वर तरंगतो आहे. मजकूर संपून पडदा स्थिर झाल्यावरही मी हेडफोन काढले नव्हते.